लटकला तो पडला

आर्डिथ लेटनला चिडायला कारण लागत नाही, असं आमच्या बेटावर सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं. ते तिला इतरांच्या आधी दिसतं आणि ती तोंडावर बोलून मोकळी होते, म्हणून लोकांना वाटतं की बाई उगाचच अंगावर येते.

ते यंत्र आलं, त्या दिवशीही तिचं डोकं असंच फिरलं. ऑक्टोबरातली गोष्ट. ट्रकमधून कपाटाएवढ्या सहा काचेच्या पेट्या उतरल्या आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत तीन दिवस नुसती ठाकठोक चालली. चौथ्या दिवशी तिथले साहेब डॉ. नील व्हिटकम यांनी आर्डिथला बोलावून सांगितलं, की उद्यापासून उंदरांना हात लावायचा नाही.

"मग काय, डोळा मारायचा त्यांना?" आर्डिथ म्हणाली.

व्हिटकम हसले. कॅलिफोर्नियाचा माणूस, चाळिशीचा, रोज सकाळी पळायला जाणारा. बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जावं. "आर्डिथ, तुमचा यात काहीच दोष नाही. पण माणसाचा हात आला की मत आलं, आणि मत आलं की आकडा बाटला. आता मोजायचं काम यंत्र करणार."

"एकतीस वर्षं बाटलेलेच आकडे दिले म्हणा की मी!"

"तसं नाही म्हणालो मी."

"तसंच म्हणालात. फक्त इस्त्री करून म्हणालात."

ही आर्डिथ कोण, ते आधी सांगायला हवं. बाप समुद्रात सापळे टाकून लॉबस्टर धरायचा, आई सार्डिन माशांच्या कारखान्यात. सतराव्या वर्षी आर्डिथही आईच्या शेजारी उभी राहिली, कात्रीने माशांची डोकी उडवत. अकरा वर्षं तेच. मग एका गुरुवारी कारखान्याच्या दाराला कुलूप दिसलं. नोटीस नाही, काही नाही. दोन महिन्यांनी ती टेकडीवरच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे उंदीर वाढवतात. माणसाचे रोग त्यांच्यात उतरवतात आणि औषधं आधी त्यांना देऊन बघतात. आर्डिथचे उंदीर होते हातापायांतली ताकद जाण्याच्या रोगाचे. त्या रोगात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. आधी मागचे पाय ओढायला लागतात, मग पुढचे, आणि शेवटी श्वास.

तिला शिकवलं ते डॉ. ऑलिव्ह हॅस्केल यांनी. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली. कडक बाई, चुकलं की कान उपटायची, पण काम असं शिकवलं की झोपेतही हात चुकू नये. त्यांची मुख्य परीक्षा म्हणजे फिरता दांडा. लाटण्यापेक्षा जरा जाड, आडवा बसवलेला. उंदराला त्यावर ठेवायचं. दांडा फिरू लागतो, आधी सावकाश, मग भराभर. उंदराने पाय टाकत राहायचं. दमला की वीतभर खाली पत्र्यावर पडतो आणि घड्याळ थांबतं. जेवढा वेळ टिकला, तेवढी त्याच्या पायांत ताकद. इतकं सोपं.

पण उंदीर काही मूर्ख नाहीत. काहींना पाय टाकायचा कंटाळा येतो, काहींच्या पायांत त्राणच नसतं. ते दांड्याला चारी पायांनी मिठी मारतात आणि दांड्याबरोबर गोल गोल फिरत राहतात; पोट वर, डोकं खाली, परत वर. चालणं शून्य, पण पडत नाहीत. हॅस्केलबाईंचा नियम होता: लागोपाठ दोन फेऱ्या लटकून काढल्या की बटण दाबायचं, घड्याळ थांबवायचं. "लटकला तो पडला," म्हणायच्या त्या. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो आर्डिथच्या अंगठ्यात होता.

आणि नेमकं तेच बटण व्हिटकमनी काढून टाकलं.

नव्या पेट्यांत सगळं आपोआप. उंदराच्या कातडीखाली ओळख पटवणारी तांदळाएवढी चिप, पिंजऱ्यातून दांड्यापर्यंत नळी. साखरेच्या गोळीच्या आशेने उंदीर आपणहून येतो, दांडा फिरतो, पडला की पत्रा वेळ नोंदवतो, आकडा सरळ कॉम्प्युटरात. माणूस नको, वास नको, हात नको. आर्डिथच्या वाट्याला काय उरलं? पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लाकडाचा भुसा बदलायचा आणि काचा पुसायच्या. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून त्या खोलीत भरदिवसा तांबडा दिवा लावलेला असतो. त्या तांबड्या उजेडात ती काचा पुसायची आणि पुसता पुसता बघायची. बघायला तर कुणी बंदी घातली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात तिला दिसलं. लटकतायत. एक नाही, दोन नाही. सोळा आठवड्यांचे आजारी उंदीर, पाठीची हाडं दिसतायत, मागचे पाय लुळे, आणि दांड्याला चिकटून गरगर फिरतायत. वर यंत्राचं घड्याळ चाललंय मजेत. शंभर सेकंद, दीडशे, दोनशे. तिचा अंगठा नुसता हवेत दाबला जायचा.

ती तडक व्हिटकमकडे गेली. "तुमचं यंत्र आंधळं आहे. लटकलेल्याला चाललेला म्हणतंय."

"लटकत असतील थोडे," व्हिटकम म्हणाले. "पण नवं औषध दिलेलेही लटकणार आणि तुलनेसाठी नुसतं साखरपाणी दिलेलेही. दोन्हीकडे सारखंच. वजाबाकीत निघून जातं ते."

"सारखंच कशावरून? मोजलंय कुणी?"

"तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे वळले. काळजी करू नका! आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्याला ज्याला तिचं ऐकायचं नव्हतं, त्याने त्याने तिला हेच सांगितलं होतं.

आणि पुढे ही काळजी तिच्या घरातच कशी आली, ते ऐका. तिचा धाकटा भाऊ मर्ल, चोपन्न वर्षांचा, बापाची बोट चालवणारा. मागच्या उन्हाळ्यात सापळ्याचा दोर त्याच्या हातातून सुटायला लागला. आधी दोन-तीनदा, मग रोज. बँगर शहरातल्या डॉक्टरांनी डिसेंबरात रोगाचं नाव सांगितलं. तेच. आर्डिथने एकतीस वर्षं जो रोग पिंजऱ्यांत पाहिला, तोच तिच्या भावाच्या मनगटात येऊन बसला होता. त्याची बायको केव्हाच सोडून गेलेली, घर आर्डिथच्या घराला लागून. जेवायला तो तिच्याकडेच.

"तुझे उंदीर कसे आहेत?" तो टेबलाशी बसला की विचारायचा. "माझ्यापेक्षा बरे?"

"जेव गप. बीन्स गार होतायत."

फेब्रुवारीत औषधवाल्या कंपनीने गावच्या हॉलमध्ये बैठक घेतली. आसपासच्या गावांतून या रोगाची माणसं आली, कुणी काठी टेकत, कुणी खुर्चीतून. पडद्यावर मोठा आकडा झळकला: औषध दिलेले उंदीर दांड्यावर चाळीस टक्के जास्त वेळ टिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात माणसांवर चाचणी सुरू होणार, पहिली नावं इथल्याच लोकांची. मर्ल पहिल्या रांगेत होता. टाळ्या वाजवताना त्याचा डावा हात उजव्याला धड लागत नव्हता. आर्डिथ मागे भिंतीला टेकून उभी होती आणि दातओठ खात होती.

महिनाअखेरीला बॉस्टनच्या एका इस्पितळातून मर्लला पत्र आलं. तिथे दुसऱ्याच औषधाची चाचणी चालू होती आणि एक जागा रिकामी झाली होती. हो की नाही, ते चौदा मार्चला, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कळवायचं. आणि अट अशी, की एका चाचणीत गेलं की दुसरीत जाता येत नाही. बॉस्टन तरी, नाहीतर गावातलं औषध तरी. या रोगात माणसाकडे दोनदा निवडायला वेळ नसतो.

आर्डिथने मनाशी ठरवलं, की शुक्रवारच्या आत खरं काय ते काढायचंच. उंदरांची दुसरी तुकडी तेव्हा दांड्यावर होती. अठ्ठेचाळीस उंदीर, निम्म्यांना औषध, निम्म्यांना साखरपाणी. कोणाला काय, ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसायलाच हवं, ही तिथली रीत. यादी बंद असते आणि मोजणाऱ्याला दाखवत नाहीत. तिने जुनं, हातात धरून बटण दाबायचं घड्याळ आणलं आणि बारा दिवस, जेवणाची सुट्टी खाऊन, काचेसमोर स्टूल टाकून बसली. दोन फेऱ्या लटकला की अंगठा. पिंजऱ्याचा नंबर, सेकंद. पिंजऱ्याचा नंबर, सेकंद. काचा पुसायचं फडकं मांडीवर, म्हणजे कुणी विचारलं तर पुसतेय म्हणायला.

मधल्या रविवारी मर्लने तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती माशाचं कालवण ढवळत होती.

"आर्डी, इकडे बघ. तू रोज त्यांना बघतेस. खरंच चालतायत का?"

आर्डिथचा हात थांबला. तिने कागदावर सही केली होती, प्रयोगशाळेतलं बाहेर बोलणार नाही म्हणून. आणि नुसता कागदही नाही. एकतीस वर्षांत तिने आईला सांगितलं नव्हतं, पेपरवाल्यांना दारातून हाकललं होतं. जे पक्कं ठाऊक नाही ते बोलायचं नाही, हे हॅस्केलबाईंनी तिच्या हाडात भिनवलं होतं. लटकणारे औषधाचे की साखरपाण्याचे? तिला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी कळेल, मग सांगू. पाच दिवसांचाच तर प्रश्न होता.

"मला बोलता येत नाही, मर्ल," ती म्हणाली.

"एक शब्द पण नाही?"

"एक पण नाही. ताट घे."

 तो तिच्याकडे बघून हसला, पाव ओढला आणि डाव्या कोपराने तो दाबून धरून उजव्या हाताने लोणी लावायला लागला. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला. आर्डिथला बरं वाटलं. मूर्ख बाई! बरं वाटलं तिला!

शुक्रवारी सकाळी शेवटचे सहा उंदीर मोजून झाले. तिचा कागद भरला. अठ्ठेचाळीसपैकी बावीस लटके. दोनच्या सुमारास ती अंगावरचा उंदरांच्या खोलीतला झगाही न काढता व्हिटकमच्या केबिनमध्ये शिरली आणि कागद त्यांच्यापुढे आपटला.

"यादी उघडा."

व्हिटकमनी कागद पाहिला. "हे कधी केलंत? कुणाच्या परवानगीने?"

"काचा पुसता पुसता केलं. यादी उघडा."

"यादी दोन आठवड्यांनी उघडायची ठरलीय. रीत आहे तशी."

"रीत मला शिकवता? तुम्ही शाळेत चड्डी सांभाळत होता तेव्हापासून मी ही रीत पाळतेय. माझी मोजणी झालीय, तुमच्या यंत्राचीही झालीय. आता यादी लपवून कुणाचं भलं होणार? आज पाच वाजता बॉस्टनला माझ्या भावाची जागा जातेय."

व्हिटकम खुर्चीत मागे टेकले. आवाज आणखी मऊ झाला. "आर्डिथ, मला कल्पना नव्हती. वाईट वाटलं ऐकून. पण मग हेच तर मी म्हणत होतो ना. घरात आजारी माणूस असलं की आपल्याला हवं ते दिसायला लागतं."

झालं. आर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू गेला म्हणतात.

"हवं ते? अहो, माझा भाऊ मरायला टेकलाय, मला तर हे औषध चालायला हवंय! मी रोज रात्री देवाजवळ हेच मागते की माझे डोळे खोटे ठरू देत, तुमचं डबडं खरं ठरू दे! मला हवं ते दिसत असतं ना, तर सगळे उंदीर नाचताना दिसले असते!"

 ही गोष्ट व्हिटकमच्या डोक्यातच आली नव्हती. चेहऱ्यावर दिसत होतं ते. मग त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला, यादी काढली आणि एकेक नंबर कागदाशी ताडून बघायला लागले. वीस मिनिटं गेली. आर्डिथ उभीच होती.

बावीस लटक्यांतले सतरा औषधाचे निघाले. औषधाने उंदरांना ताकद आली नव्हती, त्यांचे स्नायू आखडले होते. ताठ झालेल्या पायांनी ते दांड्याला पकडून बसत होते, आणि यंत्र त्याला सुधारणा म्हणत होतं. लटक्यांना पडलेले धरलं, तर औषधवाले उंदीर साखरपाण्यावाल्यांपेक्षा तीन सेकंद कमीच टिकले होते.

"हे... हे बघावं लागेल," व्हिटकम म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढच्या तुकडीत कॅमेऱ्याने लटकणं वेगळं मोजू. कंपनीशी बोलावं लागेल. एप्रिलमध्ये नावनोंदणी आहे, त्यानंतर शांतपणे..."

"त्यानंतर?"

"आर्डिथ, हे बाहेर बोललात तर नोकरी जाईल तुमची. कंपनी मला विचारणारसुद्धा नाही."

"जाऊ दे खड्ड्यात," आर्डिथ म्हणाली आणि निघाली.

तीन वाजायच्या आत ती मर्लच्या शेडमध्ये होती. मार्चात आमच्याकडे सगळे, पाण्यात सापळा कुठे आहे ते दाखवणारे तरंगते गोळे रंगवतात, ज्याचा त्याचा रंग ठरलेला. मर्ल यंदा बोट काढणार नव्हता, तरी रंगवत बसला होता, ब्रश दोन्ही हातांत धरून.

"फोन उचल. बॉस्टनला हो म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता."

"कशाला? त्यांना मी सोमवारीच नाही म्हणून कळवलं."

आर्डिथला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "का? शुक्रवारपर्यंत मुदत होती ना! कुणी सांगितलं तुला एवढी घाई करायला?"

"तू."

"मी? मी एक अक्षर बोलले नाही तुझ्याशी!"

"तेच तर," मर्ल म्हणाला. "अगं, तुझ्या पोटात काय आहे ते मला कळत नाही का? आपले बाबा कसे होते आठव की. सापळे रिकामे आले की धक्क्यावर तासभर बोंबलायचे, समुद्राला शिव्या, सरकारला शिव्या. आणि माल लागला की तोंडाला कुलूप. सख्ख्या भावाला जागा सांगायचे नाहीत. तू जन्मभर त्या लॅबच्या नावाने बोंबललीस, आर्डी. यंत्र आल्यापासून तर विचारूच नको. आणि रविवारी मी विचारलं तर एकदम गप्प. म्हटलं, लागला. माल लागला हिच्या हाताला."

ही गोष्ट आमच्या बेटाबाहेरच्या माणसाला पटायची नाही, पण इथे प्रत्येक जण असाच विचार करतो. इथे ओरडणारा रिकामा असतो आणि गप्प बसणारा भरलेला. आर्डिथला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच बापाच्या घरात वाढलेली ती. पण ती कागद सांभाळत होती, हॅस्केलबाईंची शिस्त सांभाळत होती, आणि तिचं गप्प बसणं भावाला काय सांगून जाईल याचा तिने क्षणभरही विचार केला नाही.

तिने स्वतः फोन लावला. बॉस्टनची बाई भली होती. पण जागा मंगळवारीच भरली होती. वूस्टरचा एक शाळामास्तर, छत्तीस वर्षांचा. पुन्हा जागा निघाली तर कळवू म्हणाली. कधी निघेल? ते सांगता येत नाही. कुणी सोडून गेलं तर. सोडून गेलं म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं.

मग आर्डिथने सगळं सांगितलं. दांडा, लटकणं, सतरा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती प्रयोगशाळेतलं बाहेर बोलली, आणि ते चार दिवस उशिरा. मर्लने ऐकून घेतलं. मग त्याने हातातला ब्रश तिच्या अंगावर फेकायला हात उचलला, पण ब्रश त्याच्याच पायाशी पडला आणि बुटावर पिवळा रंग उडाला.

"रविवारी एवढं म्हणाली असतीस," तो ओरडला, "की मर्ल, मला पक्कं ठाऊक नाही, पण माझ्या मनाला पटत नाही. एवढंच! बहीण आहेस ना माझी? की त्यांची तिजोरी आहेस?"

 जी आर्डिथ एकाला दहा ऐकवायची, ती खाली वाकून बुटावरचा रंग पुसायला लागली.

महिनाभर दोघं बोलले नाहीत. ती त्याचं जेवण त्याच्या दारात ठेवायची आणि ताट न्यायची. व्हिटकमनी कंपनीला पत्र लिहिलं असं कानावर आलं. कंपनीने उत्तर दिलं, की यंत्राने मोजलेले आकडे हेच अधिकृत, एका पिंजरेवालीच्या कागदावर चाचणी थांबवता येत नाही. पिंजरेवाली! व्हिटकमनी दाखवलेलं ते पत्र आर्डिथने वाचलं आणि टोपी घातली. एप्रिलातली नावनोंदणी त्याच दिवशी होती.

हॉलमध्ये पंधरा-वीस घरची माणसं होती. टेबलावर अर्ज, पेनं, कॉफी, काकवीची बिस्किटं. कंपनीची बाई बोलायला उठली तेवढ्यात आर्डिथ पुढे गेली आणि तिच्याशेजारी उभी राहिली.

"मी आर्डिथ लेटन. ते उंदीर माझ्या हातचे आहेत. ते चालत नाहीत, लटकतात. यंत्राला त्यातलं कळत नाही."

"या बाई जनावरांची निगा राखतात," कंपनीची बाई हसून म्हणाली. "त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो, पण..."

"भावना गेल्या चुलीत! नील, तिथे मागे लपू नका. किती निघाले ते सांगा यांना. यादी तुम्ही ताडलीत. तुमच्या तोंडाने सांगा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. व्हिटकम दाराजवळ उभे होते. त्यांनी एकदा कंपनीच्या बाईकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"बावीसपैकी सतरा," ते म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. औषधाचा उपयोग होत नाहीय."

मग गलका झाला. कुणी कंपनीला शिव्या घातल्या, कुणी आर्डिथलाच. एक म्हातारा तिला म्हणाला, "तुला काय मिळालं हे सांगून?" मचायस गावाहून आलेल्या एका बाईने नवऱ्याच्या खांद्यावर कोट टाकला आणि त्याची खुर्ची दाराकडे वळवली, जाताना तिने आर्डिथचा दंड घट्ट दाबला. अर्ध्या तासात हॉल बराचसा रिकामा झाला.

मर्ल उठला नव्हता. तो पहिल्या रांगेतून टेबलापर्यंत आला आणि एक अर्ज त्याने पुढे ओढला.

"सही कुठे करायची?" त्याने कंपनीच्या बाईला विचारलं.

"मर्ल!" आर्डिथ किंचाळली. "बहिरा झालास का तू? ऐकलंस ना आत्ता काय म्हणाले ते?"

"ऐकलं."

"आखडतील तुझे हातपाय! आहे ते पण जाईल!"

"बॉस्टन गेलं," मर्ल म्हणाला. तो ओरडला नाही. "दुसरं काय आहे माझ्याकडे, सांग की. तू सांग. आता तर तुला सगळं बोलता येतं."

 मर्लने पेन उचललं, ते सुटलं. पुन्हा उचललं, अर्जावर एक वाकडी रेघ गेली आणि पेन टेबलाखाली घरंगळलं. कंपनीची बाई दुसरीकडे बघायला लागली.

"धर ना, आर्डी," तो म्हणाला. "एकट्याने जमत नाही."

आर्डिथने पेन उचललं. आधी तिने मर्लला शिव्या दिल्या, गाढवा, अक्कलशून्या, बापावर गेलेल्या. मग कंपनीला दिल्या, मग व्हिटकमला, मग त्या यंत्राला, आणि सगळ्यात घाणेरड्या स्वतःला. तोवर तिने खुर्ची ओढली, त्याच्या बोटांत पेन घातलं, वरून आपली मूठ आवळली आणि त्याचं पूर्ण नाव त्याच्याकडून लिहून घेतलं.